साडेचारचा डोळा

ओकाझाकीत, संस्थेच्या तळघरात, खोली क्रमांक सात.
दारं दोन. एक उघडायचं, आत उभं राहायचं, ते लावून घ्यायचं,
मगच दुसरं.
उजेड चिवट असतो, बाहीच्या घडीतूनही आत येतो,
म्हणून मनगटावरचं चमकत्या काट्यांचं घड्याळ
मी बाहेरच ठेवून जायची.

टाकीत कार्प मासे. दोन दिवसांपासून त्यांना
ना सकाळ ना संध्याकाळ, फक्त पंपाचे बुडबुडे.
डॉक्टर इनुझुका म्हणायचे, चिझुरू-सान,
साडेचार म्हणजे साडेचार. चार पस्तीस नव्हे.
मी हातानंच मासा ओळखायची. आधी पाठीचा खवला, मग कल्ला,
मग डोळा.

पुढचं सांगत नाही. दर ऑक्टोबरात इमारतीमागच्या दगडापुढे
आम्ही सगळे पांढरे कोट घालून उदबत्ती लावायचो.
माझ्या हातून गेलेले: दोन हजार एकशे बारा.
आकडा कुणी विचारला नव्हता. मीच ठेवला.

दृष्टिपटलाचा काप काचेवर घेतला की दिसायचं:
बाहेर सूर्य नाही, आत दिवा नाही,
तरी शंकू आखडू लागलेत.
पुरते नाहीत, अर्धेमुर्धे,
गजर व्हायच्या आधी पांघरुणाबाहेर काढलेल्या पायासारखे.
आणि दंड काळ्या रंगाच्या आडोशाला सरकायला निघालेत.
यांना कुणी सांगितलं?
यंत्राच्या कागदावर, रात्रभर सपाट गेलेल्या रेघेत,
एक बारीक टेकडी उठायची.
डोपामिन.
मेलाटोनिनची पाळी संपली, हे कामावर आलं.
उजेडाची वाट न बघता, नुसत्या अंदाजानं.

डॉक्टरांनी एकदा चहाच्या कपाखालच्या कागदावर काढून दाखवलं,
रात्री पेशीपेशीत बारकी दारं उघडी असतात,
जो काही उजेड मिळेल तो सगळ्यांनी वाटून घ्यायचा,
चित्र धूसर का होईना.
डोपामिन आलं की दारं बंद.
आता ज्यानं त्यानं आपापलं बघायचं. स्वच्छ.

माझा नवरा तोशिहारू, मोटारीच्या कारखान्यात, अकरा वर्षं रात्रपाळी.
त्याच्या दिवसाच्या झोपेसाठी खिडकीला काळा कागद लावला होता,
खोली सातमधल्याच गुंडाळीचा. (मी आणला. विचारलं नव्हतं.)
सहा वीसला आम्ही जिन्यात भेटायचो, तो चढता, मी उतरती,
मधे कॅनमधली गरम कॉफी, एक घोट त्याचा, एक माझा.
बाकी संसार फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांत:
मिसो संपलं. गॅसवाला येऊन गेला. तुझी आई फोनवर रडली.

मग एका मार्चमध्ये कारखान्यानं त्याला दिवस दिला.
पहिल्या आठवड्यात दोनला जाग आली तर शेजारी गादी गार,
आणि तो स्वयंपाकघरात, दिवा न लावता
भात नि मुरवलेला मुळा खात बसलेला.
मी समोर बसले. काय बोलावं सुचेना,
म्हणून त्या दारांचं सांगितलं.
म्हणजे मासे अंधारात एकमेकांचा हात धरतात?
मासे नाहीत. त्यांच्या डोळ्यातल्या पेशी. पण हो.
आणि उजाडलं की सोडतात.
सोडतात. नीट दिसावं म्हणून.
मुळ्याचा कुरकुर आवाज थांबला.
एवढं काय बघायचंय, तो म्हणाला.

मी त्याच्या ताटलीतला एक तुकडा उचलला. खारट होता.

तिसऱ्या आठवड्यात कसल्याशा खरवडण्यानं उठले.
घड्याळाकडे बघायची मला गरज नव्हती.
तो खिडकीपाशी, नखानं चिकटपट्टी सोडवत.
काचेपलीकडे याहागी नदी असेल, पूल असेल,
दिसत काहीच नव्हतं.
अजून उजाडलं नाही, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाला, आणि काढतच राहिला.

एक कोपरा निघालाच नाही.
दर उन्हाळ्यात तिथं धूळ बसते, बोटाएवढी, काळी.
मी काच पुसताना तेवढं सोडून पुसते.