तारांकित

नोवी सादच्या कोशकचेरीत
स्तामेना कार्डं लावते, बावीस वर्षं झाली.
आज हातात आलं तिचंच नातं :
*स्नुखा. सून.

शब्दाआधी चांदणी.
म्हणजे हा कुणी लिहून ठेवलेला नाही,
दगडावर नाही, चामड्यावर नाही,
पण नातवंडं इतकी एका नाकाची
की आजी असलीच पाहिजे.

त्यातला उ अर्धामुर्धा, ओठांतच विझणारा.
रशियात त्याचा ओ झाला : स्नोखा.
(तिथेच पुढे सुनेवर हात टाकणाऱ्या सासऱ्यालाही
तिच्याच शब्दातून नाव मिळालं.
कार्डावर ते एका ओळीत मावतं.)
पोलंडात शब्द वारला,
आता तिथे सुनेला मुलावरून ओळखतात.
इकडे दक्षिणेत स्नाहा,
आणि स्तामेनाच्या गावात तर ह सुद्धा गळाला,
कधी, कुणाच्या तोंडून, कुणी पाहिलं नाही. स्नाया.
अगदी तळाशी, बारीक अक्षरांत : संस्कृत, स्नुषा.
तिथून वाट कुठे गेली ते लिहायला
जागा उरलेली नाही.

"स्नायो!"
सासू पेर्सिदा एवढंच म्हणते. नाव कधी घेतलं नाही.
नवरा ग्राट्सला कामाला गेला तो तिकडचाच झाला.
स्तामेना राहिली,
कोंबड्या, रक्तदाबाच्या गोळ्या, अंगणातला बर्फ.
मुलगा वजा करून सून उरते का,
हे तिला कुणी विचारलं नाही.

फेब्रुवारीत म्हातारीला ताप भरला.
तिसऱ्या रात्री खोलीतून आवाज आला,
जाडाभरडा, हुकमी, तिचा नव्हेच :
"स्नाहो! चूल विझली!"
ह सकट.

स्तामेना उठली. पण हाक तिला नव्हती.
पेर्सिदानेच उत्तर दिलं,
सोळा वर्षांच्या चिरक्या आवाजात,
"आले, आई. आले हो."
आणि पांघरुणातून पाय बाहेर काढले.
स्तामेनाने ते धरले, गार पडले होते,
परत आत ठेवले.

सोमवारी तिने कार्ड पुन्हा काढलं,
समासात पेन्सिलीने लिहिलं :
ह ऐकला. पहाटे तीन. साक्षीला सून.
मग खोडलं. असल्या नोंदीला रकाना नाही.
चांदणी होती तशीच राहू दिली.

घरी पोचल्यावर कोट न काढताच
ती आधी चुलीकडे गेली.
पेटलेली होती.
तरी एक लाकूड आत सारलं.