अकरा दिवस, बहुधा

स्टॉकपोर्टच्या दुसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेतीनला
माझ्यासमोर एकशे चाळीस यंत्रं जागी असतात.
कार्लाइलचा फ्रीजर उणे ऐंशीवर दात आवळून बसलेला,
हेरफर्डचा अ‍ॅनालायझर स्वतःलाच खंगाळतोय,
आणि मी एकेका रेषेवर कर्सर टेकवत जाते.

स्टॉर्नोवेच्या सेंट्रिफ्यूजची रेषा
मंगळवारपासून जरा केसाळ झाली होती.
दुसरा शब्द नाही माझ्याकडे.
कापड विरायच्या आधी त्याला लव सुटते, तशी.
खाली आकडा: अकरा दिवस. पुढे बारीक अक्षरात, बहुधा.
रंग अजून हिरवाच.

हिरव्यासाठी कुणाला उठवायचं नसतं.
सातपर्यंत थांबले, मग फोन केला.
इशबेल मकॉले, लॅबमध्ये एकटी.
"छान चाललंय की," म्हणाली,
"काल साठ नळ्या फिरवल्या, त्यात डायलिसिसच्या सहा."
तिच्या मागे वारा खिडकीला धडका देत होता.

माझे वडील इचलकरंजीत जॉबर.
छत्तीस मागांच्या खडखडाटात
स्क्रूड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानामागच्या हाडाला लावून
डोळे मिटून उभे राहायचे.
"मगदूम झोपला की काय?" मालक ओरडायचा.
वडील म्हणायचे, येत्या बाजाराच्या आत हा माग बसतोय.
आणि बसायचा,
कारण मालक ऐकायचा नाही.
म्हणून तर त्यांचं खरं ठरायचं.

माझं ऐकतात.

इशबेलला विचारलं, स्क्रूड्रायव्हर आहे का?
रिकामं फिरव, टोक खालच्या अंगाला टेकव, मूठ कानामागे.
तिने फोन टेबलावर ठेवला.
ऐकू आलं ते: यंत्राचा चढत जाणारा सूर,
वारा, एक समुद्रपक्षी, पुन्हा वारा.
मग ती. "वाळू," म्हणाली.
"अगदी बारीक. किनाऱ्यावरून आल्यावर बुटात राहते ना, तेवढी."

नवं बेअरिंग उल्लापूलपर्यंत पोचलं आणि बोट बंद.
तीन दिवस वारा.
आकडा आठवर आला, सहावर, मग उगाचच नऊवर.
मी बिस्किटाचा अख्खा पुडा संपवला.
चौथ्या दिवशी बोट सुटली.
डूगी नावाचा इंजिनियर वाटेत दोनदा ओकला,
उतरला, चाळीस मिनिटांत काम केलं,
आणि रेषा अशी झाली
की तिच्याकडे बघवेना, इतकी गुळगुळीत.

बारावा दिवस माझ्या सुट्टीचा होता.
तरी पावणेतीनला जाग आलीच.
त्या बेटावर त्या दिवशी
कुणाचं तरी पोटॅशियम मोजलं गेलं असणार,
बरोबर आलं असणार,
तो माणूस कोट चढवून घरी गेला असणार.

महिन्याच्या अहवालात एक रकाना आहे: टळलेले बिघाड.
तिथे मी एक लिहिलं.
नव्या साहेबाने विचारलं, कशावरून?

नंतर इशबेलचं पाकीट आलं.
आत जुनं बेअरिंग, तिच्या भावाच्या हातमागावरच्या
ट्विडच्या तुकड्यात गुंडाळलेलं.
कापडाला तेलाचा आणि मेंढीचा वास.
मी ते बोटात घालून फिरवते.
एका जागी कण लागतो.
कधी लागतो, कधी लागत नाही.

वडिलांना व्हिडिओवर दाखवलं.
मागांनी त्यांचे दोन्ही कान नेलेत,
तरी त्यांनी फोन कानामागच्या हाडाला लावला,
मला बराच वेळ नुसती त्यांची पांढरी कलमं दिसत राहिली.
मग चेहरा आला.
"गेलं का न्हाई शेवटी?"
"नाही गेलं," मी ओरडले, "आधीच बदललं."
"मग? काय झालं मग?"

काही नाही, म्हटलं.
त्यांना ऐकू गेलं नाही.
मी पुन्हा ओरडले, शेजारच्या घरात दिवा लागला:
काही नाही, बाबा! काहीच झालं नाही!