शनिवारचं पाणी

सेरवा आली तेव्हा कंपनी बुडायला टेकली होती.
पाणी विकणारी कंपनी, आणि बुडते,
यार्डात आम्हीच म्हणायचो, आम्हीच हसायचो.

पाऊच तसेच, पाणी तेच,
फक्त निळ्या ट्रकवाल्यांपेक्षा दोन पेसेवा महाग.
बादूसाहेब म्हणाले, भाव पाडू.
ती म्हणाली, थांबा, आधी वह्या द्या.

तीन वर्षांच्या वह्या. माझं अक्षर, डिझेलचे डाग,
कुठे किती उतरवलं, किती परत आणलं.
ते सगळं तिनं कॉम्प्युटरात भरलं, आणि मग
चार दिवस माझ्या शेजारी केबिनमध्ये बसून हिंडली,
सुआमे, बांतामा, एजिसूच्या वाटेवरचे खड्डे.
न्यार्को, शनिवारी हे आकडे असे का उसळतात?

का म्हणजे?
कुमासीत माणूस जातो कुठल्याही वारी,
निरोप मात्र शनिवारी.
काळे-लाल कपडे, भाड्याच्या खुर्च्या, स्पीकर, ऊन.
पाचशे जण रडतात
आणि पाचशे जणांना तहान लागते.

अकरा वर्षं मला ठाऊक होतं.
अकरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हापासून तक्त्यात एक नवा रकाना:
भिंतीवरची पोस्टरं, रेडिओवरच्या घोषणा,
कोण गेलं, कुठलं मैदान, गणगोत किती.
शुक्रवारी रात्रीच आमचे ट्रक भरलेले.
निळे ट्रक यायचे
ते आमच्या रिकाम्या पाऊचांवरून.
भाव पाडला नाही. दोन गाड्या नव्या आल्या.
माझाही पगार वाढला, खोटं कशाला बोलू.

नोव्हेंबरात माझी बहीण गेली.
ऑफिसात सांगितलं नव्हतं अजून,
रजेसाठी शब्द जुळवत होतो.
गुरुवारी यादी हातात पडली.
ओळ सातवी: असाफो, शाळेचं मैदान,
आफ्रियी डुफी, वय बावन्न,
अंदाजे चारशे वीस माणसं, साठ गोण्या.

ते नाव माझ्या कोणाचं,
हे सेरवाला माहीत नव्हतं.
यादीला तर नाहीच.

आकड्यावर बोट ठेवून उभा राहिलो.
मग पेन काढलं. साठ खोडून ऐंशी केलं.
बाजारातली टोमॅटोवाल्यांची अख्खी रांग
हिशेबात धरायची राहिली होती.

गाडी मीच नेली. गोण्या मीच उतरवल्या,
काळ्या कपड्यांत.

सोमवारी सेरवा वही घेऊन आली.
एकही परत नाही! ऐंशी कसे ओळखलेत?
म्हटलं, ती टोमॅटो विकायची.
तिनं लिहायला घेतलं, "टोमॅटो",
आणि मात्रा देता देता
माझ्याकडे बघितलं.