दाराचा आवाज

वडील गाडी बघायचे ती कानाने.
दार उघडून सोडून द्यायचे
आणि मान तिरकी करून थांबायचे.
धप्प.
"लागलं," म्हणायचे. एवढंच.

पट्ट्यावर एकतीस वर्षं त्यांनी
फक्त डावी दारं बसवली.
उजव्या दारांबद्दल त्यांना मत नव्हतं,
ते खातं कार्मिनेचं. कॅलाब्रियाहून तो
दोन सूटकेसा आणि लसणाची एक माळ घेऊन आला होता,
आणि म्हणायचा, "गेरोल्ड, आधी तुझं दार गंजेल."

आमचं व्हॉल्फ्सबर्ग गाडीहून धाकटं.
आधी गाडी ठरली, मग कारखाना, मग रस्ते;
गावाला आजचं नाव मिळालं
ते युद्ध हरल्यावर.
कालव्यात चार धुराडी उलटी उभी असतात.
लहानपणी मला वाटायचं, पाण्याखालीही
एक पाळी चालते.

आत्या ओटिलीकडे एक कार्ड होतं.
दर आठवड्याला पाच मार्कांचं तिकीट,
जिभेने ओलं करून, चौकटीत नीट चिकटवलेलं.
गाडीचा रंगसुद्धा तिने मनात ठरवला होता.
गाडी आली नाही.
तिकिटं चिकटवणाऱ्या कुणाचीच आली नाही.
पट्ट्यावरून लष्कराच्या गाड्या निघाल्या,
आणि त्या जोडणारे हात
पोलंडहून, युक्रेनहून, फ्रान्सहून
ओढून आणलेले,
रात्री तारेच्या कुंपणाआड झोपणारे.
रूएनच्या दफनभूमीत त्यांची तान्ही मुलं आहेत.
शाळेने आम्हाला प्राणिसंग्रहालय दाखवलं, रूएन नाही.
गोष्ट इथवर आली की
वडील घसा खाकरून खिडकी उघडायचे.

पुढचं मात्र ते रंगवून सांगत.
ढिगाऱ्यातून पुन्हा सुरू झालेला पट्टा,
ती गोलमटोल, ठेंगणी, पाठीत इंजिन घेतलेली गाडी,
जिला जगाने किड्याचं नाव दिलं
आणि मग कडेवर घेतलं.
इतकी घट्ट, की हवा आत कोंडायची
आणि दार लागेना;
काच बोटभर खाली करावी लागे.
हा दोष ते असा सांगत
जसं कुणी आपल्या पोराचं हट्टीपण सांगतं.

मी दारांकडे गेले नाही.
मी धूर मोजायचे.
ज्यांनी ते केलं त्यांच्यातली मी नव्हते,
पण माझे आकडे सुरेख यायचे,
आणि सुरेख आकड्यांना
कोण विचारतं, कुठून आलात?

गाडीला कळत होतं.
चाकं फिरताहेत, स्टिअरिंग हलत नाही,
म्हणजे परीक्षा आहे.
मग ती अगदी सभ्य श्वास घ्यायची.
रस्त्यावर आली की
खायचे दात निराळे.

बातमी लागली त्या रात्री
वडिलांनी टीव्ही बंद केला, खाली गॅरेजमध्ये गेले.
मला वर ऐकू येत होतं.
धप्प.
मग बराच वेळ काही नाही.
धप्प.
अकरा वेळा मोजलं मी. मोजायची सवय.
"लागलं" एकदाही म्हणाले नाहीत.
वर येऊन जेवायला बसले.
ताटात कारखान्यातलीच सॉसेज;
तिलाही सुट्या भागासारखा नंबर असतो.
काट्याने उलटीपालटी करत म्हणाले,
"विब्के, हिच्यात तरी
लिहिलंय तेच असेल ना?"
मी हसले. ते हसले नाहीत.

ते गेल्यावर गोल्फ विकायला काढली.
नव्वार आला, होम्सचा,
इथल्या इस्पितळात नर्सिंग शिकणारा.
त्याने किलोमीटर विचारले, गंज विचारला,
वाकून खालून पाहिलं.
मग दार उघडलं, सोडलं,
आणि मान तिरकी केली.

मला कार्डाबद्दल सांगायचं होतं,
रूएनबद्दल, माझ्या सुरेख आकड्यांबद्दल,
किंमत ठरण्याआधी.
तोंडातून निघालं ते एवढंच:
"डावं दार कदाचित
माझ्या वडिलांनी बसवलं असेल."

तो गाडीला वळसा घालून
पलीकडे गेला.
"आणि हे?"