रागीट भुवई

लवू मोंडकरने जीप आणली ती संध्याकाळची,
मोबाइलवर फोटो धरून:
"इनूसभाई, माका अशीच व्हयी."
फोटोत एक जीप, कपाळाला आठ्या घातलेली,
निळेपांढरे डोळे, भोवती उजेडाचं कडं.

ही बापाची जीप. आंब्याच्या पेट्या वाहून
मागचे पाटे बसलेले.
पुढचे दोन गोल दिवे
नुकतंच झोपेतून उठवल्यासारखे,
"काय झालां?" विचारणारे.

मी म्हटलं, निळा नको.
तुला पहाटे फोंडा घाट चढायचा.
धुक्यात निळा उजेड नाकासमोरच सांडतो,
पिवळा रस्ता धरतो.
तो म्हणाला, "पिवळे तर एसटीक असतत."

मग काय. गिऱ्हाईक.
रिले टाकला, जाड वायर ओढली.
जुन्या वायरी हातात आल्या त्या हिरव्या पडलेल्या,
बंदराची हवा तांब्यालाही सोडत नाही.
रिफ्लेक्टर तव्याच्या बुडासारखे.
रात्री बर्फाच्या फॅक्टरीच्या भिंतीवर
खडूने रेघा मारून झोत बसवला.
डावा जरा खाली, गटाराकडे;
तेवढं मी त्याला न विचारता केलं.

शेवटी भुवई. काळा फायबर, तिरका कापलेला.
बोनेटच्या कडेला ड्रिल धरलं, चार भोकं.
पत्र्याचा चुरा पायावर पडला, गरम.
लवू पाठी गेला, पुढे आला, परत पाठी गेला,
हसला.
जीप हसेना.

सकाळी त्याची आई पाटी घेऊन जाताना थांबली:
"मिस्त्री, ही गाडी कोणाक रागान बघता?"
माझ्याकडे उत्तर नव्हतं,
बिल होतं.

आंबा संपता संपता
पहाटे साडेचारला फोन, घाटातून:
"कायच दिसणा नाय. समोर नुसती भिंत हा."
झोत बंद कर, म्हटलं, पार्किंग लाव, थांब.
थांबला. फोन चालूच राहिला.
दोघंही बोलत नव्हतो,
मागे कुठेतरी एक ट्रक हॉर्न देत चढत होता.

आल्यावर निळे काढले, पिवळे घातले.
कडं राहू दे म्हणाला, राहू दिलं.
भुवई मिठमुंबरीच्या आतेभावाच्या बोलेरोला गेली,
बसत नव्हती, घासून बसवली.

चार भोकांत एम-सील भरलं.
तरी उजव्या दिव्याच्या वर
गंजाचा एक बारीक ओघळ येतो.
लवू पेट्रोलच्या फडक्याने पुसतो,
आठवड्याने परत.