धागा दातात

धागा दातात असतो तेव्हा बोलता येत नाही.
सव्वीस वर्षं दांडिया बाजारात,
साड्यांच्या दुकानावरच्या माडीत,
मी बहुधा न बोलण्याचेच पैसे घेतले.

नवरात्रीच्या आदल्या आठवड्यात रांग जिन्यापर्यंत.
चोळीला मागून नुसत्या नाड्या,
म्हणून पाठी, पाठी, पाठी.
मेणाचा डबा दिवसभर शेगडीवरून उतरत नाही.
पट्टी ओढायच्या आधी बायका अंबामातेचं नाव घेतात,
ओढल्यावर माझं.

मेणाने मूळ निघतं. मुळाखालची खोली तशीच राहते,
तीन-चार आठवड्यांत कोणीतरी पुन्हा राहायला येतं.
वस्तऱ्याने केस दाट होत नाहीत,
टोक बोथट होतं, बोटाला खरखरतं, एवढंच.
हे मी पारुलबेनना दरवर्षी सांगते.
त्या दरवर्षी कानाला हात लावतात.

तन्वी घोरपडे अकरावीत होती.
आईने तिला पुढे केलं,
शिंप्यापुढे उसवलेला ब्लाउज टाकावा तसं:
"वरचा ओठ. हनुवटी. आणि हे कल्ले."
हनुवटीला हात लावला तर केस जाड, तारेसारखे,
मधे मधे फोड, चिमट्याने उकरलेले.
मानेमागे काळपट पट्टा,
मळ समजून कोणी घासघासून सोललेला.
तो मळ नव्हता.

मी धागा दातातून काढला.
"पाळी कधी आली होती?"
आई आरशात स्वतःची टिकली सारखी करू लागली.
"दिवाळीत," मुलगी छताला म्हणाली.
खाली रस्त्यावर मांडवाचे बांबू उतरत होते.
म्हणजे गेल्या दिवाळीत.

"रक्त तपासून घ्या. हे बाहेरून येत नाही,
आतून कोणीतरी निरोप पाठवतंय."
"ताई, तुम्ही केस काढा ना."
काढले. आठ दिवसांवर गरबा होता
आणि गरबा रिपोर्टसाठी थांबत नाही.
तिच्या डोळ्यातून पाणी आलं,
ते सगळ्यांच्याच येतं,
त्यामुळे ते कशाचं होतं हे विचारायची सोय नसते.

संक्रांतीनंतर ती एकटीच आली. सायकलने, काखेत फाइल.
सोनोग्राफी, साखर, पुरुषांचं म्हणतात ते हॉर्मोन,
"सगळ्यांच्यात असतं म्हणे, माझ्यात जरा जास्त."
गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे, कमाटीबागेला दोन फेऱ्या.
फरक दिसायला सहा महिने तरी लागतील.
नवे केस बारीक येतील, जुने आपोआप जाणार नाहीत.
"म्हणजे तुमचं गिऱ्हाईक कुठे जात नाही," ती म्हणाली,
आणि पहिल्यांदा तिच्या हनुवटीवरून
तिचा हात खाली आला.

मग माझ्याकडे वाकून बघत:
"ताई, तुम्हालाही एक आहे. पांढरा."
माझी पाळी जाऊन चार वर्षं झाली.
तेव्हापासून तो आहे, चश्म्याशिवाय सापडत नाही.
अलकापुरीतल्या लेझरलाही पांढरा केस दिसत नाही,
रंग नसला की त्या दिव्याला पकडायला काही उरत नाही.

मी खुर्चीत बसले. रीळ तिच्या हातात दिलं.
"एक टोक दातात धर. आता बोलायचं नाही."
पहिल्यांदा धागा तुटला.
दुसऱ्यांदा कातडी चिमटली, मी अंबामातेला हाक मारली.
ती इतकी हसली की धागा तोंडातून पडला.

केस अजून आहे.