पायलीभर मोहरा

पंखा तीनवर. अकरापैकी सातजण हजर,
त्यातले दोघं फतेगंजच्या सेव-उसळीत
अजून अडकलेले.
मोडीचा कागद मी उंच धरायचो: काय लिहिलंय?
शांतता.
मग मीच वाचायचो, दर वर्षी, बारा वर्षं:
हत्तीखान्याकडे, मोहरा, पायली चार.
आणि सांगायचो बडोद्याचं वैभव,
माहुताच्या ओंजळीतलं सोनं, वगैरे.
मुलं उतरवून घ्यायची.
मुलं काहीही उतरवून घेतात.

यंदा व्हॉट्सॲपवर ग्रुप केला. रोज एक ओळ, एक फोटो.
पार्थिव शिर्केनं पहिल्याच दिवशी फुगे पाठवले.
आफरीन मलेकनं एका अक्षराचं शेपूट लाल करून
विचारलं, सर, हा साप आहे का?
विभागप्रमुख म्हणाले, हा अभ्यास की चाळा?
दोन्ही, मी म्हटलं;
पण ते लांब गेल्यावर.

रात्री एक वाजून चौदा मिनिटं.
कपिला राठवा. शेवटचा बाक, भिंतीकडची.
दोन वर्षांत तिचा आवाज मी
हजेरीपुरता ऐकलेला, तोही अर्धा.
आता अडतीस सेकंद. मागे कुत्री, वारा,
होस्टेलची गच्ची; तिथेच रेंज येते म्हणे.

"सर, मारूं मराठी कच्चं छे, माफ करजो.
पण मोहरा पायलीने कोण मोजे?
ते महुडां छे. महुडाची फुलं.
आमच्याकडे पायलीनेच मोजतात.
पहाटे पडतात, आवाज नाही होत.
माझी आई वेचते."
मग जरा थांबून:
"हत्तीला बहु भावे."

मी उठलो, दिवा लावला, भिंग शोधलं.
शाई फुटली होती तिथे र नव्हताच.
एक साधा ड,
बारा वर्षं माझ्याकडे बघत बसलेला.

आधी हसू आलं. मग घाम.
किती जणांच्या पदरात घातलं मी ते सोनं!
जुन्या बॅचेसचे ग्रुप हुडकले, तेव्हाच लिहिलं:
दुरुस्ती. मोहरा नव्हे, महुडां. चूक माझी.
वाचन: कपिला राठवा, एम. ए. भाग दोन.
एकेक खूण निळी होत गेली.
टोरांटोच्या गोदामात दुपार होती,
तिथून अंगठा आला.
दाहोदच्या बँकेतला तर जागाच होता:
सर, तेव्हाचे दोन गुण परत घेणार का?

सकाळी ती त्याच बाकावर.
नाव घेतलं. "हाज..." म्हणाली.
मी खडू पुढे केला; तिनं मान हलवली, नाही,
आणि बाकाखाली वाकून
काहीतरी टाइप करू लागली.

माझा खिसा थरथरला.
वर्गात फोन बंद, हा नियम माझाच,
दारावर माझ्याच अक्षरात चिकटवलेला.
सातही जण बघत होते.
मी खिशात हात घातला.